मोठ्या लॉ फर्ममधील वकिली : प्रवेश, कामाचे स्वरूप आणि पुढचे निर्णय

दरवर्षी गणेशोत्सवात मंडळातर्फे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पूर्वी त्या यादीत इंजिनिअर, डॉक्टर आणि सी.ए. असत. अलीकडे एखाद्या नावापुढे ‘विधी विद्यापीठात प्रवेश’ असेही वाचले जाते. टाळ्या होतात, आणि नंतर प्रसादाच्या रांगेत त्या मुलीच्या आईला हमखास विचारले जाते, ‘‘म्हणजे आता कोर्टात उभी राहणार का हो?’’ मुलीचे उत्तर वेगळेच असते. तिला मुंबईच्या एखाद्या मोठ्या फर्ममध्ये जायचे असते, आणि तिथे काळा कोट वर्षातून दोनदाही लागत नाही.

इंदूरच्या एम. जी. रोडवरचे हायकोर्ट, जिल्हा कोर्टातली गर्दी, घराच्या पुढच्या खोलीत बसणारे मुन्शी आणि अशील, हीच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातली वकिली. फर्ममधली वकिली त्याहून इतकी वेगळी आहे की घरच्यांना सल्ला देणे अवघड जाते. मग निर्णय पगाराच्या आकड्यावर होतो. तीन-चार वर्षांनी मुलगा किंवा मुलगी थकून घरी फोन करते, तेव्हा पुन्हा सल्ला द्यायला कोणी नसते.

या क्षेत्राची प्राथमिक माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख. फर्ममधली जागा नोकरीसारखी दिसते, पण बहुतेक वेळा ती कायद्याच्या अर्थाने नोकरी नसते. तास नोकरीपेक्षा जास्त आणि नोकरीची संरक्षणे कमी, असा हा व्यवहार आहे. तो वाईट आहे असे नाही. पण डोळे उघडे ठेवून करायचा आहे.

लॉ फर्म कुठून आल्या

लॉ फर्म ही नवी गोष्ट नाही. मुंबईत क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० पासून आणि लिटल अँड कंपनी १८५६ पासून आहे. कोलकात्यात खेतान अँड कंपनी १९११ मध्ये आणि मुंबईत अमरचंद मंगळदास १९१७ मध्ये सुरू झाली.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर तेव्हा दुहेरी पद्धत होती. अशिलाशी बोलणे, कागद तयार करणे हे सॉलिसिटरचे काम आणि न्यायाधीशांपुढे उभे राहणे हे बॅरिस्टरचे. काम सॉलिसिटरमार्फतच येत असे. आपल्या महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच व्यवस्था होती. १९७६ च्या कायदादुरुस्तीने ही दुहेरी पद्धत संपली. मात्र फर्ममध्ये राहून शिकायचे आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन सॉलिसिटर व्हायचे, ही वाट मुंबईत अजून चालू आहे.

मोठा बदल १९९१ नंतर झाला. परदेशी भांडवल आले, कंपन्या विकत घेतल्या-विकल्या जाऊ लागल्या, शेअर बाजारातून पैसा उभारणे वाढले. पुढे २००२ चा स्पर्धा कायदा, २०१३ चा कंपनी कायदा आणि २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली. प्रत्येक कायद्याने फर्मना नवे काम दिले. जुन्या कंपनी कायद्यात भागीदारीत २० पेक्षा जास्त भागीदार घेता येत नसत, त्यामुळे फर्म बहुधा एका कुटुंबाच्या हाती राहत. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्यानंतर ही अडचण उरली नाही. २०१५ मध्ये अमरचंद मंगळदासची दोन भावांत वाटणी होऊन सिरिल अमरचंद मंगळदास आणि शार्दूल अमरचंद मंगळदास अशा दोन फर्म झाल्या. या दोन, तसेच खेतान, एझेडबी, ट्रायलीगल, जेएसए ही या क्षेत्रात नेहमी ऐकू येणारी नावे. मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरू ही त्यांची मुख्य ठिकाणे.

तिथे काम काय असते

घरच्यांना सर्वांत कमी माहिती असते ती याची. एक उदाहरण घेऊ. समजा, पिथमपूरचा एखादा औषध कारखाना दुसरी कंपनी विकत घेणार आहे. घेणाऱ्याच्या वकिलांना आधी कारखान्याचे सगळे कागद तपासावे लागतात : जमिनीचे दस्त, बँकेची कर्जे, कामगारांचे करार, परवाने, चालू खटले. याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. नवीन लागलेल्या वकिलाची पहिली दोन वर्षे बरीचशी यातच जातात. शेकडो करार वाचायचे, प्रत्येकात धोका कुठे आहे ते शोधायचे, अहवाल लिहायचा. त्यानंतर मुख्य कराराचा मसुदा होतो, दोन्ही बाजूंचे वकील एकेका कलमावर वाद घालतात, मंजुऱ्या घेतल्या जातात आणि शेवटी सह्या होऊन पैसे हस्तांतरित होतात.

फर्ममध्ये अशी अनेक दालने असतात. कंपन्यांची खरेदी-विक्री व विलीनीकरण हे एक. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीसाठी सेबीकडे दाखल करायचे माहितीपत्रक तयार करणे हे दुसरे. बँकांची मोठी कर्जे, दिवाळखोरी, स्पर्धा आयोगापुढची प्रकरणे, कर, स्थावर मालमत्ता, कामगार कायदे आणि लवाद ही आणखी काही. लवाद, खटले आणि दिवाळखोरीच्या विभागात कोर्टाशी संबंध राहतो. इतर विभागांत तो जवळजवळ तुटतो. पुढे कोर्टात यायची इच्छा असेल तर पहिला विभाग निवडतानाच हा विचार करावा, कारण चार वर्षे केवळ करार लिहिलेल्या वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी कशी घेतात हे नव्याने शिकावे लागते.

प्रवेशाची वाट

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, अशा दोन वाटा आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून क्लॅट ही सामायिक परीक्षा आहे. दिल्लीचे विधी विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेते. बृहन्महाराष्ट्रातल्या मुलांना जवळ पडणारी विद्यापीठे म्हणजे भोपाळ, गांधीनगर, हैदराबादचे नालसार, बेंगळुरू, आणि महाराष्ट्रातली मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (१८५५) आणि पुण्याचे आयएलएस (१९२४) यांतूनही मुले फर्ममध्ये जातात. महाराष्ट्रातल्या या महाविद्यालयांसाठी राज्याची वेगळी सीईटी द्यावी लागते.

फर्म मुख्यतः दोन प्रकारे मुले घेतात. एक म्हणजे महाविद्यालयात येऊन मुलाखती घेणे. दुसरा प्रकार म्हणजे सुट्टीत चार ते सहा आठवड्यांची इंटर्नशिप देऊन काम पाहणे आणि पसंत पडल्यास आधीच जागा देऊ करणे. ज्या महाविद्यालयात मोठ्या फर्म येत नाहीत, तिथल्या मुलांसाठी ही दुसरी वाट जास्त महत्त्वाची आहे. तिसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपसाठी अर्ज करायला सुरुवात करावी. आपल्या गावातल्या वकिलाकडे एक सुट्टी आणि एखाद्या न्यायाधिकरणात एक सुट्टी घालवली तर तुलना करता येते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे खंडपीठ इंदूरलाही आहे, याची नोंद घ्यावी.

सनद : सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी

पदवी मिळाली म्हणजे वकील झाले असे नाही. राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यावी लागते. २००९-१० पासून पदवी घेणाऱ्यांना ऑल इंडिया बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. पूर्वी काही राज्यांत नोंदणीसाठी हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिले आहे तेवढेच शुल्क घेता येईल : सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.

काही मुले फर्ममध्ये लागल्यावर ‘कोर्टात जायचेच नाही’ म्हणून सनद घेणे पुढे ढकलतात. हे करू नये. पुढे ज्या वाटा आहेत, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी अनुभव सनदेच्या तारखेपासून मोजला जातो. नोंदणी मध्य प्रदेशात करावी की ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’कडे, हा प्रश्न आपल्या मुलांना नेहमी पडतो. जिथे प्रामुख्याने काम करायचे आहे तिथे करावी हा नियम आहे. पुढे गाव बदलले तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम १८ नुसार नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नेता येते आणि त्याला शुल्क नाही.

पगार की मेहनताना

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून बहुतेक फर्म तरुण वकिलांना ‘रिटेनर’ करारावर घेतात. तो कर्मचारी ठरत नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि दरमहा त्याला मेहनताना मिळतो. काही फर्म पगारपत्रकावरही घेतात, म्हणून आपला करार कोणता आहे हे विचारून घ्यावे.

फरक हिशेबात दिसतो. मोठ्या फर्ममध्ये नव्याने लागणाऱ्याचा वार्षिक आकडा साधारण १५ ते २० लाखांच्या घरात असतो. समजा १८ लाख ठरले. दरमहा दीड लाख झाले. व्यावसायिक मेहनतान्यावर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे हातात १ लाख ३५ हजार. यात भविष्यनिर्वाह निधी नाही आणि ग्रॅच्युइटी नाही. नोकरदाराच्या मूळ पगाराच्या १२ टक्के इतकी रक्कम मालक भविष्यनिर्वाह निधीत भरतो, ती येथे कोणी भरत नाही. आरोग्य विमा फर्मने दिला तर आहे, नाहीतर स्वतः घ्यावा लागतो. शिवाय सांगितलेल्या आकड्यापैकी काही भाग वर्षअखेरच्या बोनसचा असू शकतो, आणि बोनस हक्काचा नसतो.

दुसरी बाजूही आहे. आयकर कायद्यात वकिलांना अनुमानित कराची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोख जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, त्या जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. अशा वेळी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरावा लागतो. त्यामुळे कापलेल्या टीडीएसपैकी बरीच रक्कम परत मिळू शकते. पहिल्याच वर्षी एखाद्या सी.ए.चा सल्ला घ्यावा. परतावा आला की तो खर्च न करता पीपीएफसारख्या ठिकाणी टाकावा, कारण म्हातारपणाची तजवीज येथे दुसरे कोणी करत नाही.

तासांचा हिशेब

मोठ्या फर्म अशिलाकडून बऱ्याचदा तासावर पैसे घेतात. त्यासाठी प्रत्येक वकील टाइमशीट भरतो. जगभर रूढ असलेल्या पद्धतीत तासाचे दहा भाग करतात, म्हणजे एक घटक सहा मिनिटांचा. एका फोनची नोंद दोन घटक, एका पत्राची तीन घटक, अशी दिवसभर नोंद होते. ज्या कामाचे बिल अशिलाला लागते, तेच तास ‘बिलेबल’. प्रशिक्षण, अंतर्गत बैठका, वाट पाहण्यात गेलेली संध्याकाळ त्यात येत नाही.

समजा, फर्मने वर्षाला १,८०० बिलेबल तासांची अपेक्षा ठेवली. सुट्ट्या, सण आणि आजारपण वजा करून कामाचे ४६ आठवडे धरले, तर आठवड्याला ३९ तास होतात. हे ऐकायला फार वाटत नाही. पण ऑफिसात घालवलेल्या वेळेपैकी ७० टक्केच बिलात धरला गेला, तर प्रत्यक्ष बसणे आठवड्याला ५५ तासांच्या पुढे जाते. हा सरासरीचा हिशेब झाला. सौदा पूर्ण व्हायचा असेल त्या आठवड्यात यापेक्षा बरेच जास्त तास जातात. अशील लंडन किंवा न्यूयॉर्कचा असेल तर त्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो, आणि रात्रीचे जेवण डब्यातच राहते.

५५ हा आकडा मुद्दाम सांगितला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका अंदाजे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. पंचविशीत हे जाणवत नाही. म्हणून झोप, पाठ, डोळे आणि रक्तदाब यांकडे लक्ष ठेवायला घरच्यांनीच आठवण करावी.

दर्जा आणि बढती

क्रम साधारण असा : असोसिएट, सीनिअर असोसिएट, प्रिन्सिपल किंवा मॅनेजिंग असोसिएट, काउन्सेल आणि पार्टनर. प्रत्येक फर्ममध्ये नावे थोडी वेगळी असतात. पार्टनर होण्यास साधारण आठ ते दहा वर्षे लागतात, आणि वर जाताना जागा कमी होत जातात. पार्टनरही दोन प्रकारचे असतात. एकाला ठरलेली रक्कम मिळते, दुसऱ्याचा नफ्यात वाटा असतो. नफ्यातल्या वाट्यासाठी बहुधा स्वतःचे अशील आणता यावे लागतात.

येथे आपल्यासारख्या कुटुंबांतल्या मुलांपुढे एक अडचण येते. मुंबई-दिल्लीच्या उद्योगपतींशी घरोबा असणाऱ्यांना अशील आणणे सोपे जाते. बाहेरून आलेल्या मुलाने एखाद्या विषयात पक्के नाव कमावले तरच तो तिथे पोचतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘मी सगळे करतो’ याऐवजी ‘मी हे उत्तम करतो’ असे सांगता यायला हवे.

निर्णयाचे तीन टप्पे

*पहिला टप्पा : पदवीच्या वेळी.* हा निर्णय बहुतेक वेळा कर्ज ठरवते. विधी विद्यापीठात पाच वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून खर्च १५ लाखांच्या आसपास सहज जातो. १५ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २० हजार रुपये येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले की सीनिअर वकिलांनी ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि अनेक ठिकाणी तेवढेही मिळत नाहीत. म्हणजे कोर्टाची आवड असलेल्या मुलाची पूर्ण कमाई हप्त्यात जाते. अशा वेळी दोन-तीन वर्षे फर्ममध्ये राहून कर्ज उतरवणे आणि मग कोर्टात येणे हा शहाणपणाचा बेत होऊ शकतो. पण तसा बेत असेल तर तो आधीच ठरवावा, शक्य तर खटल्यांचा विभाग घ्यावा, आणि पहिल्या वर्षी गाडी व मोठ्या भाड्याचे घर घेऊ नये. खर्च वाढला की परत फिरता येत नाही.

*दुसरा टप्पा : तिसरे ते पाचवे वर्ष.* फर्म बदलण्याच्या, कंपनीत जाण्याच्या किंवा सोडून देण्याच्या हालचाली बहुधा याच काळात होतात. या वेळी स्वतःला विचारायचे ते असे : थकवा कामाचा आहे, माणसांचा आहे की या पेशाचाच आहे? कामाचा असेल तर विभाग बदलावा. वरिष्ठाशी पटत नसेल तर फर्म बदलावी. पेशाचाच असेल तर मात्र फर्म बदलून काही होत नाही, वर्षभरात तोच फोन पुन्हा घरी येतो.

*तिसरा टप्पा : सातवे ते नववे वर्ष.* पार्टनर होण्याची शक्यता आहे की नाही, हे आता वरिष्ठांना स्पष्ट विचारावे. उत्तर गोल गोल येत असेल तर तेच उत्तर समजावे. या वयात लग्न, मुले, इकडे एकटे पडलेले आई-वडील, सगळे एकदम पुढे येते. इंदूर-मुंबई विमान दीड तासाचे असले, तरी क्लोजिंगच्या आठवड्यात ते दीड तासही मिळत नाहीत.

बाहेर पडण्याच्या वाटा

*कंपनीचा विधी विभाग.* येथे खऱ्या अर्थाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बहुधा जास्त नियमित वेळ मिळते. मात्र नियम ४९ नुसार नोकरी असेपर्यंत सनद स्थगित ठेवावी लागते, आणि हे बार कौन्सिलला कळवावे लागते. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा चालू करून घेता येते. स्थगितीचा काळ वकिलीचा अनुभव म्हणून धरला जात नाही. घटनेच्या कलम २३३ नुसार वकिलांमधून जिल्हा न्यायाधीश होण्यास सात वर्षे आणि कलम २१७ नुसार उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्यास दहा वर्षे वकिली लागते, हे लक्षात ठेवून पाऊल टाकावे.

*न्यायिक सेवा.* २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायालयाच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते. फर्ममध्ये केवळ करार लिहिणाऱ्यांनी या परीक्षेचा विचार असल्यास कोर्टातली हजेरी आणि वकीलपत्रे यांची नोंद सुरुवातीपासून ठेवावी, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट वाचावी.

*कोर्ट आणि गावाकडची वकिली.* ज्यांच्या घरी वडिलांची किंवा काकांची वकिली आहे, त्यांच्यासाठी ही वाट खुली असते. फर्ममध्ये शिकलेली टापटीप, मसुद्याची सफाई आणि वेळेचा हिशेब येथे उपयोगी पडतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या खंडपीठांपुढे आणि न्यायाधिकरणांपुढे व्यापारी वादांचे काम असते, आणि इथल्या उद्योजकाला प्रत्येक करारासाठी मुंबईला जायची हौस नसते. पहिली दोन-तीन वर्षे मिळकत मात्र निम्म्याहून खाली येईल असे धरून वर्षभराच्या खर्चाइतकी शिल्लक हाताशी ठेवावी.

*परदेश.* इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे. भारतात सनद असलेल्या वकिलांना तिथल्या दोन वर्षांच्या उमेदवारीची अट लागत नाही. काही लंडनच्या फर्म आपल्या विधी विद्यापीठांतून थेटही मुले घेतात. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २०२३ अखेर २ लाख २५ हजार डॉलरपर्यंत गेला, आणि हा आकडा ऐकून अनेकजण कर्ज काढून एक वर्षाचे एलएल.एम. करतात. पण अशा जागा मुख्यतः तिथल्या तीन वर्षांच्या पदवीधरांना मिळतात. कायद्याच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची मुदत एक वर्षाची असते, त्यानंतर सोडतीचा व्हिसा. कर्ज या भरवशावर काढू नये.

मुलींसाठी दोन गोष्टी

कायद्याप्रमाणे कर्मचारी महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. रिटेनर करारावर असलेल्या वकिलीणबाईंची रजा मात्र बहुधा फर्मच्या धोरणावर अवलंबून राहते. धोरण लेखी आहे का, त्या काळात मेहनताना पूर्ण मिळतो का आणि परतल्यावर ज्येष्ठता टिकते का, हे आधी पाहावे. हे विचारायला संकोच वाटत असेल तर तिथे काम करणाऱ्या ज्येष्ठ मैत्रिणीकडून माहिती काढावी.

दुसरी गोष्ट : कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा करार कोणताही असो, लागू होतो. इंटर्नलाही त्याचे संरक्षण आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. करार रिटेनरचा आहे की पगाराचा?
२. सांगितलेल्या रकमेत बोनस किती, आणि तो कशावर ठरतो?
३. नोटीसची मुदत किती? मध्येच सोडल्यास काही रक्कम परत करावी लागते का?
४. विभाग कोण ठरवणार, आणि पहिल्या दोन वर्षांत बदल मिळतो का?
५. वर्षाच्या तासांची अपेक्षा काय?
६. आरोग्य विम्यात आई-वडील येतात का?
७. बार परीक्षा आणि सनदेसाठी रजा मिळते का?
८. त्या विभागातून गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले, आणि कुठे गेले?

आठवा प्रश्न फर्मला विचारून फारसा उपयोग नाही. तो तिथून बाहेर पडलेल्यांना विचारावा.

घरच्यांसाठी

रात्री अकराला फोन केला आणि ‘कामात आहे’ असे उत्तर आले, तर ते बहुधा खरेच असते. त्यावर रागावू नये. पण मूल सतत चिडचिड करते, झोपत नाही, रविवारी संध्याकाळीच त्याचा चेहरा उतरतो, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले तर ‘इतका पगार आहे, सहन कर’ असे म्हणू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक. फर्म सोडून आलेल्या मुलाला पुढच्या गणेशोत्सवात ‘‘का रे सोडलीस?’’ असे मंडपात सर्वांसमोर विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या एका प्रश्नाच्या धास्तीने काही मुले वर्ष-दोन वर्षे जास्त काढतात. त्याऐवजी ‘‘आता काय करतोयस?’’ असे विचारावे.

नियम, शुल्क आणि करांचे दर बदलत असतात. निर्णय घेण्यापूर्वी बार कौन्सिलचे व संबंधित विद्यापीठाचे ताजे परिपत्रक पाहावे. मंडळाच्या सभासदांपैकी जी वकील मंडळी फर्ममध्ये, कंपन्यांत किंवा कोर्टात काम करतात, त्यांनी या माहितीत भर घालावी, चुका दाखवाव्यात, आणि बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरात एखादा तास मुलांना द्यावा ही विनंती. पुस्तकात न सापडणारे पुष्कळ काही त्यांच्याकडे आहे.